नातीला आणायला झांबियात

झांबियाहून आल्यापासून यावलमध्ये जो भेटेल तो एकच विचारतो, "बाई, सिंह पाहिला का?" नाही पाहिला. हत्ती पाहिले, तेही लांबून. धबधबा पाहायला गेलो, तर त्यालाही पाणी नव्हतं. आम्ही यातलं काहीच पाहायला गेलो नव्हतो. आम्ही आमच्या नातीला आणायला गेलो होतो.

आमचा हेमंत ठिबक सिंचनाचं काम शिकून तिकडे गेला. दक्षिण झांबियातल्या एका मोठ्या शेतावर नळ्या अंथरायच्या, पंप सांभाळायचे, हे त्याचं काम. दोन वर्षांत परत येतो म्हणाला आणि तिथलाच झाला. मुटिंटा नावाच्या तिथल्या नर्सशी त्याने लग्न केलं. ते लग्न आम्ही फोनवर पाहिलं. मुलगी झाली तेव्हा त्याने आपल्या मुक्ताईवरून तिचं नाव मुक्ता ठेवलं. आईकडचे तिला लुयांडो म्हणतात. त्यांच्या भाषेत लुयांडो म्हणजे माया.

गेल्या वर्षी तिकडच्या पावसाळ्यात हेमंतला मलेरिया झाला. शेतावरच्या खोलीत तो दोन दिवस साधा ताप समजून गोळ्या खात राहिला. मुटिंटा तेव्हा चोमा गावच्या दवाखान्यात दुसऱ्यांच्या लेकरांना सलाईन लावत होती. तिला कळलं तेव्हा तो शुद्धीवर नव्हता.

आमच्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हते. यांनी फोनवर तिला एकच गोष्ट मागितली, "त्याले पुरू नका. अग्नी द्या." मी शाळेत शिकवलेली, मी ते तिला इंग्रजीत सांगितलं. तिने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं, मग "हो" म्हणाली. राजधानी लुसाकातल्या गुजराती मंडळींनी सगळं केलं. अस्थी हेमंतच्या एका सोबत्याने आणून दिल्या आणि चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर आम्ही त्या सोडल्या. पासपोर्ट येईपर्यंत इकडचा पावसाळा संपला होता. हे केळीच्या बागेतून घरी आले, हातपाय न धुताच ओट्यावर बसले आणि म्हणाले, "चाल. पोरीले घेऊन येऊ."

लुसाका

लुसाकात ऑक्टोबर म्हणजे आपला मे. पण त्या उन्हात रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या फुलांची झाडं इतकी फुललेली होती की गाड्यांच्या टपांवर, फुटपाथवर, भाजीवालीच्या डोक्यावरच्या टोपलीत फुलंच फुलं. दुसऱ्या कशासाठी गेले असते तर हरखून गेले असते. मला राग आला त्या फुलांचा.

मुटिंटा विमानतळावर आली होती. उंच, काळीसावळी, डोक्याला गडद रुमाल, कमरेला तिकडच्या बायका गुंडाळतात तसं छापील कापड, त्याला चितेंगे म्हणतात. आम्हाला पाहताच ती तिथे, माणसांच्या गर्दीत, फरशीवर गुडघे टेकून बसली आणि ओंजळीसारखे हात करून हलकेच टाळ्या वाजवू लागली. मोठ्यांना नमस्कार करायची ती त्यांची रीत. हे गडबडले. आशीर्वादाला हात पुढे करावा की आपणही टाळी वाजवावी, त्यांना कळेना. शेवटी त्यांनी टोपी काढून हातात धरली.

तिच्या मागे मुक्ता होती. चार वर्षांची. केस आईचे, दाट कुरळे. पण भुवया! दोन्ही भुवया मधे जुळलेल्या, थेट हेमंतसारख्या. मी हात पुढे केले तशी ती आईच्या चितेंग्यात शिरली.

दुसऱ्या दिवशी हेमंतला जिथे अग्नी दिला ती जागा पाहायला गेलो. भिंतीचं आवार, एक आंब्याचं झाड, पाला झाडणारा एक म्हातारा रखवालदार. सिमेंटचा ओटा धुवून स्वच्छ केलेला. हे त्या ओट्यावर डोकं टेकून राहिले. मुटिंटा फाटकाजवळच थांबली होती. मी तिला आत बोलावलं.

"मी त्या दिवशी आत आले नव्हते," ती म्हणाली. "माझ्या घरच्या बायकांना बघवत नव्हतं. आम्ही बाहेर रस्त्यावर बसून होतो. नक्की कुठे?"

मी ओटा दाखवला. तिने त्याच्याकडे पाहिलं, रखवालदाराकडे पाहिलं आणि विचारलं, "त्याच्यानंतर इथे आणखी कोणाला जाळलं?"

"पुष्कळांना," रखवालदार म्हणाला.

ती परत फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

चोमाच्या वाटेवर

बस सुटण्याआधी एक माणूस पुस्तक घेऊन चढला आणि मोठमोठ्याने प्रार्थना म्हणू लागला. प्रवास नीट व्हावा म्हणून तिकडे असं करतात. सगळ्यांनी डोळे मिटले. यांनीही हात जोडले आणि तो थांबल्यावर सवयीने "पुंडलिक वरदे" म्हणाले. समोरच्या सीटवरची बाई मागे वळून गोड हसली. त्या सबंध प्रवासात मला मोकळं हसू आलं ते तेवढंच.

काफुए गावाशी बस थांबली तशा टोपल्या घेतलेल्या बायका खिडक्यांना झोंबल्या. केळी! यांनी लगेच एक फणी घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, साल सोलून वास घेतला. "पाणी कमी पडलं हो बाई," त्यांनी विकणारीला आपल्या बोलीत सांगितलं. "अन् पोटॅश बी नही टाकेल." ती बाईही तिच्या भाषेत मनापासून काहीतरी बोलली. बस हलेपर्यंत दोघांचं चाललं होतं. मुक्ताने त्यातलं एक केळ आजोबांच्या हातून घेतलं. आमच्या हातून तिने घेतलेली ती पहिली वस्तू.

पुढे उसाचे हिरवेगार मळे लागले. चाकांवर फिरणारे लांबच लांब पाण्याचे नळ पाहून हे खिडकीला चिकटले. पण मळे संपले आणि खरा मुलूख सुरू झाला. त्या वर्षी पाऊस सुरुवातीला येऊन जो गेला तो गेलाच. मका कमरेएवढा होऊन उभ्या उभ्या वाळला होता, कणसं नाहीत, ताटंही गुरांनी खाऊन टाकलेली. रस्त्याकडेला कोळशाच्या गोण्या विकायला लावलेल्या. पीक गेलं की झाडं तोडायची, कोळसा करायचा. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून पाऊस हुकला की लोक गाठोडी बांधून मजुरीला बाहेर पडतात. इथल्या लोकांना जायला कोणता मुलूख होता कोण जाणे. हे मैलोन् मैल शेतं बघत होते. एकदाच म्हणाले, "हेमंतनं इथलं कधी सांगलं नही."

चोमा

चोमात हेमंतचं घर दोन खोल्यांचं होतं. अंगणात पपई, दारात त्याच्या चपला. मुटिंटाने त्या उचलल्या नव्हत्या. त्यांच्यात घरचे लोक येऊन निरोप देईपर्यंत मेलेल्याचं सामान हलवत नाहीत, हे मला नंतर कळलं. त्या वेळी वाटलं, बाईला आवरायची सवय नसेल.

वीज दिवसातून जेमतेम दोन-तीन तास यायची. मोठं धरण तळाला गेलं होतं, त्यामुळे सगळ्या देशात तीच गत. मुटिंटाने अंगणात कोळशाची शेगडी पेटवली आणि तीन वांगी त्यावर भाजायला ठेवली. मी बघतच राहिले. तिने ती सोलली, लाकडी उखळीत हिरव्या मिरच्या आणि लसूण कुटला, वरून शेंगदाणे घातले आणि आमच्यासमोर भरीत ठेवलं.

"त्याने शिकवलं," ती म्हणाली. "पण तो म्हणायचा, आईसारखं होत नाही."

बरोबर न्शिमा होती. पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हाताने तोडायचा, बोटांनी खोलगट करायचा, त्यात भाजी उचलायची. आमच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची आठवण यावी असं त्यात काही नाही, नुसती पांढरी, अळणी. पण भरिताबरोबर ती लागत होती. भोपळ्याच्या पाल्याची दाण्याचा कूट लावलेली भाजी तर खानदेशातल्या कोणत्याही चुलीवर शोभली असती. मी म्हटलं, "माझ्यासारखंच झालंय गं." ते खरं होतं. हे मात्र दोन घास खाऊन उठले आणि पपईपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मुटिंटाचं गाव

चोमापासून कच्च्या रस्त्याने तिच्या आईचं गाव. गोल मातीच्या झोपड्या, गवताची छपरं, शेणाने सारवलेलं अंगण. सारवण पाहून बरं वाटलं. स्वागताला आंबटगोड चिब्वांटु दिलं, मक्याचं पातळसर पेय, आपल्या आंबिलीच्या जवळ जाणारं. मग तिच्या आईने एक जिवंत कोंबडी आणून यांच्या हातात दिली. मोठ्या पाहुण्याला कोंबडी देतात. यांच्या गळ्यात तुळशीची माळ. कोंबडी फडफडतेय, हे तिला लेकरासारखं छातीशी धरून उभे, सगळं अंगण बघतंय. मुटिंटाने पुढे होऊन सांगितलं की आजोबा ही कोंबडी मुक्ताला देत आहेत, ती पाळायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुटिंटा मोठी हुशार होती. हेमंत का थांबला, ते मला तेव्हा थोडं कळलं.

दुपारी मोठ्या झाडाखाली सगळे बसले. पुरुष स्टुलांवर, बायका चटयांवर. मधे मुटिंटाचे मामा. वय झालेलं, अंगात जुना कोट. बोलायचं ते मामांनी, कारण तिकडे तोंगा लोकांत मूल आईच्या कुळाचं असतं आणि त्या कुळाचा मोठा माणूस मामा. मामा तोंगा भाषेत बोलायचे, मुटिंटा मला इंग्रजीत सांगायची, मी यांना.

हे उभे राहिले. "सांग त्यायले," ते मला म्हणाले, "हेमंतची पोर आपल्या घरी न्यायची हाये. तिले शिकवू, मोठी करू. आपल्याकडे काय कमी हाये? पाणी हाये, बाग हाये. पोरीच्या आईनंबी यावं, नही म्हणत नही. पण पोर आपली हाये."

मी सांगितलं. सांगताना लक्षात आलं की आता हे मुटिंटालाच तिच्या मामांना सांगायचं आहे. तिने ते सांगितलं. एक शब्द गाळला नाही असं तिच्या आवाजावरून वाटलं. चटईवरच्या बायकांत कुजबुज झाली आणि थांबली.

मामा सावकाश बोलले. मुटिंटा खाली बघत राहिली. त्यांनी तिला पुन्हा काहीतरी म्हटलं, तेव्हा ती बोलू लागली.

"ते माझ्याबद्दल विचारतायत. नवरा गेला की बायको त्याच्या आत्म्याला बांधलेली राहते. त्याच्याच माणसांनी येऊन तिला मोकळं करायचं असतं. तोवर तिने दुसऱ्याच्या शेतात जायचं नाही, लग्नाला जायचं नाही, कोणाचं तान्हं मूल उचलायचं नाही. मी नर्स आहे. रोज उचलते. लोक नावं ठेवतात. मामा म्हणतात, तुम्ही येणार कळलं तेव्हा आम्हाला वाटलं, तिला सोडवायला येताय."

मामा पुढे बोलले. ती सांगत गेली, आवाज मात्र हळूहळू कोरडा होत गेला.

"ते म्हणतात, एकदा तुम्ही फोनवर मागितलंत, आमच्या पोरीने दिलं. आमच्यात माणसाला कोणी जाळत नाही. जाळलेल्या माणसाला जागा राहत नाही. तरी दिलं. आता तुम्ही दुसरं मागताय. मूल आमच्या कुळातलं आहे. त्याचा बाप चांगला होता, आम्ही त्याला मान दिला, पण कूळ बदलत नाही." मग तिने मामांचं नसलेलं, स्वतःचं विचारलं. "आई, ती राख... थोडी तरी ठेवलीत का? मुक्ताला दाखवायला मला एक जागा करायची होती."

"नाही गं," मी म्हटलं. "सगळी नदीला दिली. आमच्यात ठेवत नाहीत."

तिने मान हलवली. ते तिने कोणालाच तोंगात सांगितलं नाही.

"काय म्हणतात?" यांनी विचारलं.

"नाही म्हणतात."

"ते एवढं बोलले, अन् तू एकच शब्द सांगतं?"

मग मी सगळं सांगितलं. हे ऐकत स्टुलावर बसले. माझं सांगून संपल्यावरही बसून राहिले. लोक वाट पाहत होते. कोणी घाई केली नाही, तेवढा समंजसपणा मी आपल्याकडच्या बैठकांत पाहिलेला नाही. शेवटी हे म्हणाले, "तिले मोकळं कराले काय करा लागतं, इचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झालं. पूर्वी यासाठी फार वाईट चाली होत्या, आता त्या बंद झाल्या आहेत, असं तिच्या आईने मला हातवाऱ्यांनी समजावलं. मुटिंटाला चटईवर बसवलं. म्हाताऱ्या बायकांनी दाखवलं तसं मी मक्याचं पांढरं पीठ ओंजळीत घेतलं आणि तिच्या खांद्यांवर, दंडांवर, केसांवर लावलं. मग पांढऱ्या मण्यांचा सर तिच्या मनगटात बांधला. माझ्या बोटांना गाठ बसेना. तिच्या आईने माझा हात धरून ती बसवली.

नवरा गेल्यावर आमच्याकडे बाईचं काढून घेतात. बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र. माझ्या थोरल्या बहिणीच्या बांगड्या दगडावर फोडल्या तेव्हा मी तिथे होते. इथे बाईच्या अंगावर काहीतरी चढवत होते. मला ते चांगलं वाटायला हवं होतं. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा घोष केला आणि इतक्या महिन्यांचं ओझं उतरल्यासारखे मुटिंटाचे खांदे खाली आले. ती रडली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तिच्या केसांतलं पीठ माझ्या लुगड्याला लागलं. आणि त्याच वेळी मला कळत होतं की आता ती माझी सून नाही. उद्या ती कोणाचंही घर मांडू शकते. मुक्ता कोणा दुसऱ्याला बाबा म्हणेल. हेमंतची तेवढी एक गाठ त्या घरात शिल्लक होती. ती सोडवायलाच जणू मी हजारो कोस आले होते आणि मी ती सोडवली.

हे झाडाखाली बसले होते. घोष ऐकून त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं."

लिव्हिंग्स्टन

हेमंत दर फोनवर म्हणायचा, तुम्ही या, मी तुम्हाला धबधबा दाखवतो. तिथले लोक त्याला गरजणारा धूर म्हणतात. मुटिंटा म्हणाली, त्याने कबूल केलं होतं, मी दाखवते.

जंगलाच्या कडेने जाताना रस्त्यापलीकडे हत्तींचा कळप उभा होता, धुळीने राखाडी झालेला, पाला नसलेल्या झाडांखाली. लाकडी जिराफ विकणाऱ्यांनी घेरलं. त्यांनाही बोहनी नव्हती, दुष्काळात पाहुणे कमी. मग कड्यावर पोचलो. समोर काळ्या खडकाची भिंत, मैलभर लांब, उभी, कोरडी. पार पलीकडे, दुसऱ्या देशाच्या बाजूला, पांढरी रेघ पडत होती. आमच्या पुढ्यात थेंब नाही. वाटाड्या पोरगा माफी मागितल्यासारखं सांगत होता की मार्चमध्ये आलात तर इथे उभं राहवत नाही, अंग भिजून जातं.

मुक्ता आजोबांच्या खांद्यावर झोपली होती. चढ होता, उन्हाचा कडाका होता, पण यांनी तिला कोणाकडे दिलं नाही.

कठड्याशी उभं राहून मी मुटिंटाला शेवटचं विचारलं. "तू चल ना आमच्याकडे. दोघी या. तुला मी लेकीसारखं ठेवीन."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण तिथे मी कोण असेन, आई?"

"माझी सून."

"हेमंतची विधवा. सगळ्या गावात तेवढीच. इथे मी नर्स आहे, माझ्या आईची मुलगी आहे, मुक्ताला सतरा मावश्या आहेत." मग तिने माझा हात धरला. "तुम्ही राहा इथे."

ती मनापासून म्हणाली होती. मी यांच्याकडे पाहिलं. बाग, घर, माझी पेन्शन, यांचा गुडघा, सगळं डोळ्यांपुढे आलं. आमच्यापासून तीन घरं सोडून राहणारी माझी ती थोरली बहीण आठवली. आम्हाला जसं येता येत नव्हतं, तसंच तिलाही येता येत नव्हतं. भांडायला कोणी वाईट माणूससुद्धा नव्हता.

यावल

येताना लुसाकाच्या विमानतळावर मुक्ता हसत होती. तिला वाटलं, आपण विमान बघायला आलोय. यांनी तिच्या भुवयांवरून अंगठा फिरवला आणि वळून चालू लागले, ते मागे न बघता थेट आत गेले.

आता दर रविवारी फोन लावतो. कधी तिकडे वीज नसते, कधी मुटिंटाची ड्यूटी असते. लागला की मी मुक्ताला "आजी" म्हणायला लावते. सुरुवातीला म्हणायची. आता ती शाळेत जाते, तोंगा आणि इंग्रजी बोलते, फोनसमोर फार थांबत नाही.

मागच्या रविवारी मुटिंटाच्या मागे एक माणूस चहा पिताना दिसला. तिने लपवलं नाही. म्हणाली, शेजारच्या शाळेत शिकवतो, चांगला आहे. मी म्हटलं, "छान झालं." मुक्ता त्याच्या गुडघ्याला टेकून उभी होती. तिने फोनकडे बोट करून आईला तोंगात काहीतरी विचारलं. मुटिंटाने तिला जवळ ओढलं.

"काय विचारतेय?" मी म्हटलं.

"काही नाही, आई."

"सांग गं."

"विचारतेय, हे कोण आहेत?"

हे माझ्या शेजारी बसले होते. इंग्रजी त्यांना येत नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणते पोर?"

मी म्हटलं, "तुमची तब्येत विचारतेय."

"बरी हाये म्हणावं," ते फोनच्या अगदी जवळ जाऊन मोठ्याने म्हणाले. "बरी हाये, बेटा."